गिटारच्या तारांवर कोकण

इतवारीतल्या गणेशोत्सवाच्या मांडवात ऑर्केस्ट्रा रंगात येतो, तेव्हा रसिकांच्या नजरा गायकावर खिळलेल्या असतात. इलेक्ट्रिक गिटार वाजविणारा कलावंत मागे उभा राहून गाणे सावरत असतो. त्याचे नाव क्वचितच कुणी विचारते. हिंदी चित्रपटसंगीतासाठी आयुष्य वेचणाऱ्या अनेक गोमंतकीय वादकांच्या वाट्याला हेच अनामिकपण आले. अमान्सियो डिसिल्वा यांनी मात्र साथीच्या या वाद्याला स्वतःची वाणी दिली.

गोमंतकीय कुटुंबातील डिसिल्वा यांचा जन्म १९३६ मध्ये मुंबईत झाला. तेथील बड्या हॉटेलांत त्या काळी जॅझचे वाद्यवृंद वाजत आणि त्यांत गोमंतकीयांचा मोठा भरणा असे. याच परंपरेत तरुण डिसिल्वा घडले. जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी त्यांच्या वादनावर प्रसन्न होऊन त्यांना गिब्सन गिटार दिली. त्या काळी भारतात असे वाद्य मिळणे दुरापास्त होते.

मुलाच्या उपचारांसाठी १९६७ मध्ये ते सहकुटुंब लंडनला गेले. जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या मिलाफाचे वारे तेथे वाहू लागले होते. कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांचे प्रयोग गाजत होते. निर्माते डेनिस प्रेस्टन यांनी डिसिल्वा यांचे गुण हेरले. १९६९ मध्ये ‘इंटिग्रेशन’ ही त्यांची ध्वनिमुद्रिका तयार झाली. त्याच वर्षी हॅरियट यांच्यासमवेत ‘हम दोनो’ ध्वनिमुद्रित झाली.

त्या प्रयोगांत भारतीय बाजू प्रामुख्याने सतार-तबल्याकडे असे. डिसिल्वा यांच्याकडे सतार नव्हती. गिटारच्या दांडीवरील पट्ट्यांनी स्वरांच्या जागा बांधलेल्या असतात. मींड घ्यायची तर तार ओढावी वा बोट सरकवावे लागते. या मर्यादेत राहून त्यांनी रागसंगीताचे वळण जॅझच्या लयीत आणले. ‘गँजेस’, ‘जयपूर’, ‘बॅलड फॉर गोवा’ ही त्यांच्या रचनांची नावेच मायभूमीची ओढ सांगतात. १९७२ मध्ये ‘कॉस्मिक आय’ या नावाने निघालेल्या ‘ड्रीम सिक्वेन्स’मध्ये त्यांनी रॉकच्या प्रांतातही पाऊल टाकले. जॉन मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांच्या ‘शक्ती’ची पहिली ध्वनिमुद्रिका त्यानंतर चार वर्षांनी, १९७६ मध्ये आली.

‘शक्ती’ला जगभर कीर्ती लाभली, डिसिल्वा यांचे नाव मात्र जाणकारांपुरते उरले. मायदेशात त्यांच्या कार्याची फारशी दखल घेतली गेली नाही. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी ध्वनिमुद्रित झालेली त्यांची ‘कोकण डान्स’ तर अनेक वर्षे अप्रकाशितच राहिली. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले.

पुढे ब्रिटिश जॅझच्या त्या कालखंडाकडे नव्या पिढीचे लक्ष वळले आणि त्यांच्या जुन्या तबकड्या संग्राहक शोधू लागले. ‘कोकण डान्स’ अखेर २००६ मध्ये रसिकांपर्यंत पोहोचली. ज्या किनाऱ्याचे नाव तिला दिले होते, तो किनारा तिच्या सुरांतून जगाने ऐकला. मात्र ती दाद स्वीकारायला डिसिल्वा हयात नव्हते.