साने गुरुजी : युवकसंघटन आणि संस्कारप्रक्रिया

पांडुरंग सदाशिव साने (१८९९–१९५०) यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले असले, तरी ते प्रामुख्याने दोन स्वतंत्र वाटांनी गेलेले दिसते. वाङ्मयसमीक्षेने त्यांची दखल 'श्यामची आई'चे लेखक म्हणून घेतली आणि भावविवशतेचा शिक्का मारून त्यांना बालवाङ्मयाच्या दालनात बसविले. राजकीय इतिहासलेखनाने त्यांना खानदेशातील काँग्रेस कार्यकर्ता आणि पुढे समाजवादी म्हणून नोंदविले. या दोन वाटांच्या मध्ये त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग अलक्षित राहिला. वसतिगृह, शिबिर, शाखा आणि प्रचारदौरा या मार्गांनी त्यांनी तरुण मुलांमध्ये जे काम केले, तो हा भाग होय. मुलांच्या मनोवृत्तीत आणि आचरणात सामूहिक जीवनाने बदल कसा घडतो, या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांचे चरित्र पाहिल्यास त्यांच्या वाङ्मयाचे स्वरूपही अधिक स्पष्ट होते.

१.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात, दापोली तालुक्यातील पालगड येथे झाला. घराणे खोताचे, परंतु वडिलांच्या, सदाशिवरावांच्या, काळात त्याला पूर्ण उतरती कळा लागलेली होती. पालगडनंतर दापोलीच्या मिशन शाळेत, पुढे औंध संस्थानात आणि अखेर पुण्यात, असे त्यांचे शिक्षण तुटक तुटक झाले. आई यशोदाबाई १९१७ मध्ये निवर्तल्या, त्या वेळी ते शिक्षणासाठी घरापासून दूर होते. परगावी राहणाऱ्या गरीब विद्यार्थ्याचे जिणे, त्यातील अर्धपोटी दिवस आणि दुसऱ्याच्या दयेवर राहण्याचा संकोच त्यांनी स्वतः भोगला होता. पुढील काळात वसतिगृहातील मुलांकडे पाहण्याची त्यांची जी दृष्टी दिसते, तिचे मूळ या अनुभवात आहे.

पदवी घेतल्यानंतर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी गेले. १९२४ मध्ये एम. ए. झाल्यावर त्यांनी त्याच गावी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे पुढील प्रताप हायस्कुलात, शिक्षकाची नोकरी धरली. ही नोकरी जेमतेम सहा वर्षांची. परंतु त्यांच्या पुढील कार्याची सारी बीजे या सहा वर्षांत सापडतात.

शाळेच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वसतिगृहाचा प्रमुख म्हणजे शिस्तीचा अंमलदार, अशी तत्कालीन रूढ कल्पना होती. गुरुजींनी ती बाजूला ठेवली. मुलांच्या अस्ताव्यस्त खोल्या ते स्वतः झाडीत, कंदिलांच्या काचा पुसून ठेवीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. खोली झाडण्याविषयी उपदेश मात्र ते करीत नसत. काही दिवसांनी मुलांनाच आपल्या अव्यवस्थेची लाज वाटू लागे आणि केरसुणी त्यांच्या हाती जाई. शिक्षेच्या भयाने पाळलेली शिस्त शिक्षक दृष्टिआड होताच सुटते. आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसाला कष्ट पडू नयेत म्हणून लागलेली सवय अंगवळणी पडते. संस्कारप्रक्रियेतील हा भेद गुरुजींनी प्रत्यक्ष व्यवहारातून ओळखला होता.

याच काळात त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. त्यात छात्रालयातील घडामोडींबरोबरच देशातील आणि जगातील वार्ता, थोरांची चरित्रे, गोष्टी आणि कविता येत. १९२८ मध्ये 'विद्यार्थी' मासिक सुरू झाले. रोज पहाटे उठून ठरावीक मुलांसाठी लिहावयाचे आणि त्यांच्या मुद्रेवरील प्रतिसाद त्याच दिवशी पाहावयाचा, ही लेखकाची विलक्षण उमेदवारी होती. समोर मुले बसलेली आहेत असे मानून लिहिण्याची त्यांची जी शैली पुढे महाराष्ट्रभर परिचित झाली, ती छात्रालयातच घडली. 'धडपडणारी मुले' या कादंबरीतील स्वामी आणि त्यांचे विद्यार्थी यांच्या चित्रणावरही या जीवनाची गडद छाया आहे.

२.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होताच गुरुजींनी नोकरीचा राजीनामा दिला आणि ते सत्याग्रहात उतरले. प्रथम धुळे आणि नंतर त्रिचनापल्ली येथील तुरुंगात त्यांना ठेवण्यात आले. त्रिचनापल्लीत दाक्षिणात्य भाषांशी आणि त्या भाषा बोलणाऱ्या सहबंद्यांशी त्यांचा निकट परिचय झाला. भारतीय माणसे परस्परांच्या भाषेविषयी आणि साहित्याविषयी किती अनभिज्ञ आहेत, याची तीव्र जाणीव त्यांना येथे झाली. १९३२ मध्ये धुळे तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी लिहून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यामुळेच मराठीला लाभला.

'श्यामची आई'चे लेखन ९ फेब्रुवारी १९३३ रोजी नाशिकच्या तुरुंगात सुरू झाले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे संपले. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आशयाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. रचनेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष गेले. आश्रमात राहून सेवाकार्य करणारा श्याम प्रार्थनेनंतर सोबत्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो, अशी ही बेचाळीस रात्रींची योजना आहे. ऐकणारी मंडळी तरुण असून समान ध्येयाने एकत्र राहत आहेत. याचा अर्थ, या पुस्तकाचे कथनस्थळ घर नसून युवकांचा समुदाय आहे. एका ब्राह्मण कुटुंबातील आई समुदायाच्या मेळाव्यात सर्वांची आई होते, ती या रचनेमुळे. दिवसभर काम, सायंकाळी प्रार्थना आणि मग कथा, हा छात्रालयातील आणि आश्रमातील दिनक्रमच येथे वाङ्मयप्रकाराचे रूप घेऊन आला आहे.

या पुस्तकातील एक प्रसंग पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मोळी उचलता न येणाऱ्या वृद्ध अस्पृश्य स्त्रीला साहाय्य करावयास आई श्यामला सांगते. परंतु त्यानंतर त्याला स्नानही करावे लागते. करुणा जागी झाली आहे, रूढी सुटलेली नाही, अशी ही मधली अवस्था आहे. गुरुजींनी ती लपविली नाही. करुणेपासून आचरणापर्यंतचे उरलेले अंतर तोडण्यासाठी एकट्या मुलाचे मन पुरेसे नसते. त्यासाठी सोबत्यांचे बळ लागते. हे बळ त्यांना पुढील दशकात राष्ट्र सेवा दलात लाभले.

३.

राष्ट्र सेवा दलाची उभारणी ४ जून १९४१ रोजी पुण्यात झाली. एस. एम. जोशी हे दलप्रमुख होते, ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये आदी मंडळी त्यांच्या बरोबरीने होती. धर्माधिष्ठित राष्ट्रकल्पना मांडणाऱ्या शाखांकडे शहरातील मध्यमवर्गीय मुले आकृष्ट होत असताना सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींना एकत्र आणणारा पर्याय उभा करावा, हा तिच्यामागील हेतू होता. सायंकाळी मैदानावर जमणे, ध्वजवंदन, कवायत, खेळ, समूहगीते आणि बौद्धिक असा शाखेचा क्रम असे. सुट्टीत शिबिरे भरत.

गुरुजी या संघटनेचे प्रमुख नव्हते; संघटनेचा हिशेब आणि शिस्त सांभाळणे हा त्यांचा पिंडही नव्हता. एस. एम. जोशी आणि त्यांचे सहकारी चर्चा, अभ्यास आणि कार्यपद्धती यांवर भर देत; गुरुजींनी दलाला भावनेचे अधिष्ठान दिले. या दोन पद्धतींच्या संयोगातच दलाच्या परिणामाचे रहस्य शोधावे लागते. बौद्धिकामुळे जातिभेद चुकीचा आहे हे पटे. शिबिरात एका पंक्तीत जेवताना आणि एका संघात खेळताना तो निरर्थक आहे याचा अनुभव येई. गुरुजींच्या कथेमुळे तो असह्य होई. मत, सवय आणि भावना या तिन्हींना एकाच वेळी स्पर्श झाला, तरच मनोवृत्ती पालटते.

१९४२ च्या आंदोलनात दलाचे अनेक सैनिक उतरले. गुरुजी भूमिगत राहून काम करीत होते. १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि १९४५ मध्ये सुटले. त्यानंतर दलाच्या खऱ्या कसोटीचा काळ आला.

४.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे, यासाठी उपोषण करण्याचा निश्चय गुरुजींनी १९४६ च्या अखेरीस केला. आधी लोकमत जागृत करावे, असा आग्रह सहकाऱ्यांनी धरला. त्यानुसार उपोषण पुढे ढकलून त्यांनी महाराष्ट्राचा दौरा केला. सेनापती बापट यांची साथ त्यांना लाभली आणि सेवा दलाचे कलापथक बरोबर निघाले. पोवाडे, गीते, छोटी नाट्ये आणि गुरुजींचे भाषण असा कार्यक्रम गावोगाव होई. अनेक ठिकाणी मंदिरे आणि विहिरी खुल्या झाल्या. १ मे १९४७ रोजी पंढरपूर येथे तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. गांधीजींना हे उपोषण प्रथम मान्य नव्हते. दादासाहेब मावळंकर यांची मध्यस्थी झाली आणि १० मे रोजी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

या घटनेचे मूल्यमापन करताना एक वस्तुस्थिती दृष्टिआड करता येत नाही. दलित चळवळीने तोवर मंदिरप्रवेशाचा मार्ग मागे टाकला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १९३५ मध्ये येवल्याला त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिराचे दार उघडल्याने भूमी, शिक्षण आणि सत्ता यांतील वाटा मिळत नाही, हे त्या चळवळीने स्पष्ट केले होते. तेव्हा पंढरपूरचा लढा दलितांच्या मुक्तीचा लढा म्हणून तोलला, तर तो अपुरा ठरतो. परंतु या दौऱ्याचा खरा श्रोता सवर्ण समाज होता आणि त्याचा खरा विद्यार्थी होता कलापथकातला तरुण. आपल्याच आप्तस्वकीयांच्या गावात उभे राहून, आपल्याच जातीच्या वडीलधाऱ्यांसमोर, त्यांना न रुचणारे गाणे त्याला म्हणावे लागत होते. शिबिरातल्या समतेला धोका नसतो. गावच्या पारावरल्या समतेला असतो. मोळी उचलून स्नान करणारा श्याम आणि हा तरुण यांतील अंतर हेच गुरुजींच्या कार्याचे माप आहे.

५.

स्वातंत्र्यानंतरचा काळ गुरुजींना जड गेला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. मारेकरी महाराष्ट्रीय, सुशिक्षित तरुण होता. ज्या वर्गातील मुलांच्या मनावर गुरुजींनी आयुष्यभर मेहनत घेतली, त्याच वर्गातून हे कृत्य घडले होते. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले. संघटित संस्कार ही दुधारी शक्ती आहे. मैदान, गीत, शिस्त आणि त्यागाची प्रेरणा ही साधने द्वेषाच्याही उपयोगी पडतात, हे त्या वर्षाने दाखवून दिले. साधनांपेक्षा त्यांतून कोणत्या माणसांना आपले म्हणण्याची सवय लागते, हा निर्णायक प्रश्न ठरतो.

१५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. निरनिराळ्या प्रांतांतील तरुणांनी एकत्र राहावे, परस्परांच्या भाषा शिकाव्यात, असे त्रिचनापल्लीच्या तुरुंगात रुजलेले ते स्वप्न होते. अमळनेरच्या छात्रालयाचाच तो देशव्यापी विस्तार म्हणावा लागेल. ते आकाराला येण्यापूर्वीच, ११ जून १९५० रोजी, गुरुजींनी स्वतःच आपली जीवनयात्रा संपविली. या अंताचे एकच एक कारण सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. इतके मात्र म्हणता येईल, की इतरांच्या मनाला आधार देण्याची जी रीत त्यांनी रूढ केली, तिच्यात देणाऱ्याच्या मनाला विसावा देणारी व्यवस्था नव्हती.

६.

गुरुजींच्या पश्चात साने गुरुजी कथामालेने त्यांचा कथाकथनाचा वारसा शाळाशाळांत नेला. सेवा दलाच्या कलापथकांतून निळू फुले, राम नगरकर, दादा कोंडके यांच्यासारखे कलावंत पुढे आले. कोकणातील मुस्लिम कुटुंबात जन्मलेले हमीद दलवाई तरुणपणी सेवा दलात आले. त्यांनी १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. दलाच्या संस्कारात वाढलेल्या बाबा आढाव यांनी १९७२ मध्ये 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम हाती घेतली.

हे शेवटचे उदाहरण दोन्ही बाजूंनी बोलके आहे. १९४७ च्या दौऱ्यात विहिरी खुल्या झाल्या होत्या. पंचवीस वर्षांनी पुन्हा पाणवठ्यासाठीच मोहीम काढावी लागली. एका सभेत द्रवलेले गाव सभा संपल्यावर पूर्ववत होते, ही भावनिक आवाहनाची मर्यादा यातून स्पष्ट होते. त्याच वेळी, ती मोहीम काढण्याची निकड ज्यांना वाटली, ते त्याच शाखांतून आणि शिबिरांतून आलेले होते. गावे बदलली नाहीत तेथेही काही माणसे कायमची बदलली होती. अशा कार्याचे फलित म्हणूनच तत्कालीन यशापयशाने मोजता येत नाही. त्यात वाढलेली मुले वीस-पंचवीस वर्षांनी कोणत्या प्रश्नापुढे स्वस्थ बसू शकत नाहीत, यावरून ते मोजावे लागते.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून एक दिशा मिळते. गुरुजींच्या लेखनातील अश्रू एकट्या वाचकासाठी लिहिलेले नाहीत. समूहात बसलेल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जाणाऱ्या श्रोत्यासाठी ते लिहिलेले आहेत. हा श्रोता वगळून केलेली भावविवशतेची टीका अपुरी राहते आणि त्याला वगळून केलेला गौरवही. त्यांचे वाङ्मय आणि त्यांचे युवककार्य ही एकाच कृतीची दोन अंगे मानूनच त्यांचा पुनर्विचार व्हावयास हवा.