पूर ओसरल्यानंतरचा माणूस

पुण्यात महापालिकेच्या बाजूने जंगली महाराज रस्त्याकडे निघाले की एक मोठा चौक लागतो. फलकावर त्याचे नाव ‘स. गो. बर्वे चौक’ असे आहे. पुणेकर मात्र त्याला वर्षानुवर्षे मॉडर्न कॅफेचा चौक म्हणत आले आहेत. मुंबईतही कुर्ला-चेंबूरकडे एक बर्वे मार्ग आहे. रोज त्या रस्त्याने जाणाऱ्या शंभर माणसांना बर्वे कोण असे विचारले, तर किती जणांना उत्तर देता येईल, शंकाच आहे.

याचा दोष लोकांना देता येणार नाही. लढाया जिंकणाऱ्यांची, तुरुंगात गेलेल्यांची, नाटके गाजवणाऱ्यांची आठवण आपल्याकडे जपली जाते. पुरानंतर उघड्यावर आलेल्या हजारो कुटुंबांना पुन्हा छपराखाली नेऊन बसवणाऱ्या माणसाची आठवण कशी जपायची, हे आपल्याला अजून नीट उमगलेले नाही. सदाशिव गोविंद बर्वे हा असा माणूस होता.

कलेक्टर ते आयुक्त

बर्वे यांचा जन्म २७ एप्रिल १९१४ रोजी तासगावचा. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर केंब्रिजला. विशी ओलांडली न ओलांडली तोच ते आय.सी.एस. झाले. त्या काळी आय.सी.एस. म्हणजे सरकारी नोकरीचा कळस. साहेबी रुबाब, घोडा, बंगला आणि सामान्य माणसापासून हातभर अंतर, अशीच त्या नोकरीची प्रतिमा होती. स्वातंत्र्य आल्यावर या मंडळींपुढे प्रश्न उभा राहिला. कालपर्यंत ज्यांच्यावर राज्य केले, आज त्यांची चाकरी करायची होती. काहींना ते जड गेले. बर्वे यांना ते मानवले असावे, कारण त्यांच्या आयुष्यातली महत्त्वाची कामे सारी त्यानंतरची आहेत.

१५ फेब्रुवारी १९५० रोजी पुणे महानगरपालिका अस्तित्वात आली आणि तिचे पहिले आयुक्त म्हणून बर्वे यांनी सूत्रे हाती घेतली. तोवर पुण्याचा कारभार नगरपालिकेचा होता. पेठांच्या गल्ल्या, नदीपलीकडची वाढती वस्ती, उपनगरे या साऱ्यांचे मिळून एक शहर आहे असे मानून कारभार करण्याची ही पहिलीच वेळ. रस्ते किती रुंद हवेत, वस्ती कुठे वाढू द्यावी, पाणी कुठून आणावे, या प्रश्नांशी त्यांची ओळख तेव्हाच झाली. पुढच्या आपत्तीत ती उपयोगी पडणार होती, याची अर्थात तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

१९५८ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याचे सचिव असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली बृहन्मुंबईच्या गर्दीचा विचार करणारा अभ्यासगट नेमला गेला. फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याने अहवाल दिला. ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा आणि पलीकडे मुख्य भूमीवर वस्ती वसवावी, ही त्यातली एक प्रमुख शिफारस होती. आज आपण ज्याला नवी मुंबई म्हणतो, त्या कल्पनेच्या मुळाशी हा अहवाल आहे. गर्दीने घुसमटलेल्या शहराला मोकळी जागा कुठे मिळेल, हा विचार बर्वे यांच्या डोक्यात पक्का बसलेला होता.

१२ जुलै १९६१

त्या दिवशी सकाळी पानशेतचे मातीचे धरण फुटले. धरण नवे होते, काही कामे अपुरी होती, आणि तरी त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले होते. आदल्या रात्री सैन्याचे जवान वाळूची पोती रचून बांध वाचवण्यासाठी झटत होते. बांध वाचला नाही. पानशेतचा लोंढा खडकवासल्यात घुसला आणि एकोणिसाव्या शतकातले ते दगडी धरणही त्याच दिवशी फुटले. मुठेचे पाणी पेठांत शिरले. बंडगार्डनचा पूल वगळता शहरातले पूल पाण्याखाली गेले. नारायण, शनिवार, कसबा या पेठांतले नदीकाठचे वाडे, शिवाजीनगर आणि डेक्कनचा सखल भाग, सारे बुडाले.

पुण्याचे जुने वाडे दगड, विटा, लाकूड आणि मातीचे. भिंतीतली माती पाण्यात विरघळली की लाकडी सांगाडा किती वेळ तग धरणार? पाणी ओसरल्यावर काही वाडे नुसते ढिगारे होऊन पडले होते. खडकवासला गेल्याने शहराच्या पाण्याचा मुख्य आधारही गेला. नदीला महापूर आणि प्यायला पाणी नाही, असा तो विपरीत प्रसंग. त्यात दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी येत असल्याची हूल उठली आणि माणसे पोराबाळांना घेऊन पर्वतीच्या दिशेने धावत सुटली. ती अफवा होती. पण कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवायचा हेच शहराला कळेनासे झाले होते, हे त्या धावपळीने दाखवून दिले.

मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी मदत आणि पुनर्वसनाच्या कामासाठी बर्वे यांची निवड केली. ज्याने दहा-अकरा वर्षांपूर्वी या शहराची महापालिका उभी राहताना पाहिली, ज्याला पेठ न् पेठ माहीत होती, त्याच्याच हाती विस्कटलेले शहर आले.

वाडा मालकाचा, बिऱ्हाड कोणाचे?

पुरानंतर पहिले आठ दिवस माणुसकीचे असतात. भाकऱ्या येतात, कपडे येतात, शाळांतून माणसांच्या राहण्याची सोय होते. नवव्या दिवसापासून कारभाराची कसोटी लागते. शाळा पुन्हा भरवायच्या असतात. मग शाळेत राहणाऱ्यांनी कुठे जायचे?

पुण्यात हा प्रश्न अधिक अवघड होता, कारण वाड्यांतून राहणारी बहुसंख्य माणसे भाडेकरू होती. वाडा पडला तरी मालकाची जागा जागेवर राहते. भाडेकरूचे मात्र सारेच जाते. त्याच्या नावावर ना जमीन, ना भिंत. दोन खोल्यांत तीस वर्षे काढलेल्या कुटुंबाकडे आपण इथलेच आहोत हे सांगायला भाड्याची पावती असली तर असली, आणि ती पुरात भिजून गेलेली. नुकसानभरपाईचा विचार मालकीच्या कागदावरून केला असता, तर अर्धे शहर त्यातून गळले असते.

माझी आत्या अशाच एका वाड्यात शनिवारात राहत होती. आम्ही हातखंब्याचे. पुराची बातमी आली तेव्हा माझे वडील तांदळाचे पोते घेऊन एस.टी.ने कोल्हापूरमार्गे पुण्याला गेले होते, ही गोष्ट आमच्या घरी लहानपणापासून सांगितली जाई. आत्याचे बिऱ्हाड आधी पत्र्याच्या अर्धगोल झोपडीत आणि मग पर्वतीच्या मागच्या बाजूला नव्या वस्तीत गेले. तिच्या बोलण्यात पाण्याचे वर्णन फारसे नसे. रांगा, अर्ज, नावनोंदणी आणि अखेर स्वतःच्या दाराला लावलेले कुलूप, हेच असे. पाण्याने घर अर्ध्या दिवसात नेले आणि ते परत यायला वर्षे लागली, हा तिच्या सांगण्याचा सारांश.

त्या पत्र्याच्या झोपड्यांना निसेन हट म्हणत. युद्धकाळात सैन्यासाठी वापरली जाणारी ही बांधणी झटपट उभी राहते. ती तात्पुरती सोय होती. खरा निर्णय पुढचा होता. माणसांना नदीकाठच्या त्याच दाटीत परत कोंबायचे, की शहराच्या कडेला मोकळ्या जमिनीवर नव्याने वसवायचे? निर्णय दुसऱ्या बाजूने झाला. लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर, दत्तवाडी अशा वस्त्यांच्या वाढीशी पानशेतच्या पूरग्रस्तांचे नाते आहे. पूरग्रस्तांच्या सहकारी गृहरचना संस्था निघाल्या, त्यांना सरकारने भाडेपट्ट्याने जमिनी दिल्या. ज्याच्या नावावर कधी एक भिंत नव्हती, तो भाडेकरू संस्थेचा सभासद झाला. पुणे दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरले, त्यामागे या पुराचा मोठा वाटा आहे.

सगळेच सुरळीत झाले असे नाही. नव्या जागा तेव्हा गावाबाहेरच्या वाटत. मंडई दूर, शाळा दूर, शेजार तुटलेला. भाडेपट्ट्याच्या जमिनींची मालकी सभासदांना मिळण्याचा प्रश्न तर पुढे कित्येक दशके सरकारदरबारी रेंगाळला. पुरात लहान असलेली माणसे म्हातारी झाली तरी त्यांचे अर्ज-विनंत्या चालूच होत्या. धरण का फुटले याच्या चौकशीसाठी आधी न्या. बावडेकर आणि नंतर न्या. नाईक यांचे आयोग झाले, त्यांच्या कामावर वादही झाले. पण जबाबदारी कोणाची हे ठरेपर्यंत माणसांनी पावसात थांबायचे नसते. चौकशीची वाट आणि पुनर्वसनाची वाट वेगळी ठेवली गेली, याचे मोल मोठे आहे.

अधिकाऱ्याने मागितलेली मते

यापुढचे वळण बर्वे यांच्या चरित्रातले मला सर्वांत लक्षणीय वाटते. सनदी नोकरीतली उरलेली वर्षे, बढत्या, निवृत्तिवेतन हे सारे समोर असताना, यशवंतरावांच्या आग्रहावरून त्यांनी आय.सी.एस.चा राजीनामा दिला आणि फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत ते पुण्यातून, शिवाजीनगर मतदारसंघातून, विधानसभेसाठी उभे राहिले. पूर येऊन जेमतेम सात महिने झाले होते. रांगेत उभे राहिलेल्या, झोपडी मिळालेल्या, झोपडी न मिळाल्याने चिडलेल्या अशा सर्वांपुढे ते मत मागायला गेले. अधिकारी बदली होऊन निघून जातो. त्याच्या कामाचा निकाल त्याला ऐकावा लागत नाही. बर्वे यांनी तो मागून घेतला. शिवाजीनगरने त्यांना निवडून दिले.

पुढे ते राज्याचे अर्थमंत्री झाले, मग उद्योगखाते आले, त्यानंतर दिल्लीत नियोजन आयोगाचे सदस्यत्व. १९६७ मध्ये त्यांनी ईशान्य मुंबईतून लोकसभेची निवडणूक लढवली. समोर माजी संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन होते. काँग्रेसने उमेदवारी नाकारल्यामुळे ते अपक्ष उभे होते. साऱ्या देशाचे लक्ष या लढतीकडे होते. बर्वे जिंकले. पण लोकसभेचे पहिले अधिवेशन भरण्याआधीच, ६ मार्च १९६७ रोजी त्यांचे निधन झाले. वय अवघे ५२. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे यांनी मेनन यांचा पुन्हा पराभव केला.

चिपळूणच्या निमित्ताने

हे सारे आज आठवण्याचे कारण आमच्या जिल्ह्यातच आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीच्या पाण्याने चिपळूण बुडाले. २६ जुलै २००५ चा पूर लोक विसरले नव्हते, हा त्याहून मोठा निघाला. महामार्गावरचा वाशिष्ठीचा पूल खचला. लोकमान्य टिळक स्मारक वाचनालयातली पुस्तके चिखलात गेली. हातखंबा तिठ्यावरून त्या दिवसांत मदतीच्या गाड्या उत्तरेकडे जाताना आम्ही पाहत होतो. पाण्याच्या बाटल्या, चादरी, किराणा, झाडू, फावडी. गावागावांतून पोरे चिखल काढायला गेली. कोकणी माणूस अशा वेळी मागे राहत नाही.

मग हळूहळू गाड्या थांबल्या. चिपळूणकरांचे प्रश्न मात्र तिथेच सुरू झाले. दुकानातला माल गेला, पंचनामा झाला, पुढे काय? नदीतला गाळ कोण काढणार? निळ्या आणि लाल पूररेषेत निम्मे गाव आले तर तिथल्या घरांचे, बाजारपेठेचे काय करायचे? गाळ काढावा म्हणून नागरिकांना साखळी उपोषणाला बसावे लागले. त्यातच त्या वर्षाच्या अखेरीस नगरपरिषदेच्या लोकनियुक्त मंडळाची मुदत संपली आणि राज्यातल्या इतर अनेक गावांप्रमाणे इथेही प्रशासक आला. ज्या काळात गावाला आपले भवितव्य ठरवायचे होते, नेमक्या त्याच काळात जाब विचारायला निवडून दिलेला नगरसेवक उरला नाही.

पुणे आणि चिपळूण यांची तुलना सरळ करता येणार नाही, हे मला कळते. पुण्यात धरण फुटले, नवी जमीन हाताशी होती, राज्याचे सारे बळ एका शहरामागे उभे राहिले. चिपळूण डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये अडकलेले आहे. पर्वतीच्या मागे होती तशी मोकळी जागा इथे नाही. छोट्या नगरपरिषदेकडे माणसे थोडी, पैसा त्याहून थोडा. तरीही बर्वे यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी घेता येतात. पुराआधी गाव ज्याला ठाऊक आहे, अशा माणसाच्या हाती पुरानंतरचे काम द्यावे आणि त्याला पुरेसे अधिकार द्यावेत, ही पहिली. त्याने केलेल्या कामाचा हिशोब लोकांपुढे मांडला जावा आणि लोकांना त्यावर मत देता यावे, ही दुसरी. पहिली गोष्ट सरकारला एका हुकमाने करता येते. दुसरीसाठी निवडणुका वेळेवर व्हाव्या लागतात आणि नागरिकांची स्मरणशक्ती आठ दिवसांपेक्षा लांब असावी लागते.

बर्वे यांचे नाव चौकाच्या फलकावर राहो न राहो, पर्वतीच्या पलीकडच्या वस्त्यांमध्ये आज तिसरी-चौथी पिढी राहते आहे. तिथल्या मुलांना आपले घर एका पुरातून आले आहे हे ठाऊकही नसेल. पुनर्वसनाची याहून चांगली खूण कोणती? पूरग्रस्त हा शब्द ज्या घरातून कायमचा निघून गेला, ते घर खऱ्या अर्थाने उभे राहिले. चिपळूणच्या बाजारपेठेतून तो शब्द कधी जाईल, याची वाट आमचा सारा जिल्हा पाहतो आहे.