मायेचे मूळ

आज फाल्गुन वद्य षष्ठी. इ. स. १५९९ मध्ये याच तिथीस शांतिब्रह्म एकनाथमहाराजांनी पैठण येथे गोदामाईच्या पात्रात देह ठेवला, असे सामान्यतः मानले जाते. नाथांचे सद्गुरू जनार्दनस्वामी यांचा जन्म, त्यांना झालेला दत्तानुग्रह, गुरुशिष्यांची भेट आणि स्वामींचे निर्याण हीही याच तिथीची, अशी परंपरा आहे. नाथांच्या शांतीचे स्मरण आज घरोघर होईल. त्या शांतीचा उगम शोधताना आपण बहुधा देवगिरीच्या गुरुगृहापाशी थांबतो. आम्हांस मात्र त्याही मागे, पैठणातील एका पाळण्यापाशी जावेसे वाटते.

नाथांचे पणजे भानुदास हे थोर विठ्ठलभक्त. विजयनगरास गेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरीस परत आणली, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. त्यांचे पुत्र चक्रपाणी, चक्रपाणींचे पुत्र सूर्यनारायण. सूर्यनारायण व रुक्मिणी यांच्या पोटी १५३३ च्या सुमारास एकनाथांचा जन्म झाला. जन्मनक्षत्र मूळ. अल्पावधीतच मातापिता दोघेही निवर्तले. मूळ नक्षत्रावरचे मूल मायबापांच्या मुळावर येते, ही त्या काळची दृढ समजूत. कर्ता मुलगा आणि सून गमावलेल्या त्या वृद्ध दांपत्याने सारा दोष तान्ह्या जिवाच्या माथी मारला असता, तर कोणासही नवल वाटले नसते. परंतु चक्रपाणी आणि त्यांच्या पत्नीने नातवाला अपशकुनी मानले नाही; त्याला उराशी धरले. त्याची मुंज केली, विद्याभ्यासाची व्यवस्था लावली. दगडाला देव मानून त्यापुढे बाळ एकनाथ भजन करीत असे आणि खांद्यावरची पळी हीच त्याची वीणा असे, असे वर्णन चरित्रांत येते. असा निर्धास्त खेळ मायेच्या छायेतच रंगतो.

पुढे नाथांनी आपल्या या जन्मकथेवरच अभंग रचला आणि मूळ या शब्दावर श्लेष साधला. ज्या गोष्टीने एखादे मन जन्मभर खचावे, तिच्याशी नाथ असे लीलया खेळले. जखम आतून भरून आल्यावाचून हे साधत नाही.

ती भरून कशी येते, याविषयी अलीकडच्या शास्त्राने पुष्कळ सांगितले आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मेंदूतील पेशींच्या जोडण्या अतिशय वेगाने होत असतात. मूल रडले आणि कोणी उचलून घेतले, ते हसले आणि कोणी प्रतिसाद दिला, म्हणजे त्या जोडण्यांना बळकटी येते. भयाच्या वेळी शरीरात उसळणारी द्रव्ये ओळखीच्या स्पर्शाने शांत होतात, आणि पुढील आयुष्यातील आघात सोसण्याची घडी तेथेच बसू लागते. रुमानियातील अनाथालयांत वाढणाऱ्या १३६ बालकांचा अभ्यास २००० नंतर झाला. त्यांपैकी ज्यांना दोन वर्षांच्या आत प्रेमळ पालककुटुंब लाभले, त्यांच्या मेंदूचे व्यवहार अधिक सुधारलेले आढळले. हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांवर एमी वर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके लक्ष ठेवले. अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत जन्मलेल्यांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले समर्थ आणि प्रेमळ माणसे झाली. त्यांच्यापैकी बहुतेकांना बालपणी निदान एका व्यक्तीचा अखंड जिव्हाळा लाभला होता. ती व्यक्ती आईच असे, असे नाही. अनेकदा आजोबा वा आजी असे. पैठणच्या घरात चारशेहून अधिक वर्षांपूर्वी हेच घडले होते.

बाराव्या वर्षाच्या सुमारास एकनाथ घरी न सांगता देवगिरीस गेले, तेव्हा त्या वृद्धांवर आभाळ कोसळले. पुढे तीर्थयात्रा आटोपून ते पैठणास आले, त्या वेळी आजोबांनी मिळविलेले जनार्दनस्वामींचे आज्ञापत्र त्यांच्या हाती पडले. पैठणातच राहून गृहस्थाश्रम स्वीकारावा, अशी ती आज्ञा होती. नाथांनी ती शिरोधार्य मानली. मायेचे ऋण फेडल्यावाचून परमार्थ पुरा होत नाही, हेच जणू सद्गुरूंनी सुचविले.

नाथांनी ते ऋण साऱ्या जगाला फेडले. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत अस्पृश्य मानलेल्या घरचे एक मूल रडत होते. सोवळ्याचा विचार न करता नाथांनी त्याला कडेवर घेतले आणि त्याच्या आईकडे पोहोचविले. स्नान करून येताना कोणी अंगावर पुनःपुन्हा थुंकला, तरी ते न रागावता पुनःपुन्हा गंगेवर गेले. नाथांना क्रोध आणून दाखविल्यास दोनशे रुपये मिळतील, या आशेने एक गरजू ब्राह्मण त्यांच्या घरी आला. जेवण वाढावयास वाकलेल्या गिरिजाबाईंच्या पाठीवर तो चढून बसला. तो पडू नये म्हणून सांभाळ, एवढेच नाथ पत्नीस म्हणाले. गिरिजाबाईंनीही हसून उत्तर दिले, की लहानग्या हरीला पाठीवर घेऊन काम करण्याची आपणांस सवयच आहे. त्रास देणाऱ्यालाही लेकरू समजणारे ते घर होते.

याच हरीने, म्हणजे हरिपंडितांनी, पुढे पित्याच्या प्राकृत पुराणकथनावर रुसून काशी गाठली. नाथांनी त्यांच्या अटी मान्य केल्या आणि त्यांना घरी परत आणले. पुढे मुलाचेही मन पालटले.

आज नैवेद्य दाखविताना आपल्या घरातील लहानग्यांकडे आपण क्षणभर पाहावे. अमक्याच्या पायगुणाने वाईट झाले, हा शब्द कोणत्याही मुलाच्या कानी पडू देऊ नये. शेजारी वा आप्तांत एखादे पोरके मूल असेल, तर त्याला जवळ बसवून प्रसादाचा पहिला घास भरवावा, आणि उद्याही त्याची वाट पाहावी. चक्रपाणींना आपल्या मांडीवर कोण खेळत आहे, हे ठाऊक नव्हते. आपणांसही ते ठाऊक नसते.