कापूरहोळचा फाटा आणि शंभूराजे

पुणे-सातारा हायवेवरून भोरकडे वळतो ना, तेच कापूरहोळ. इथल्या धाराऊंनी संभाजीराजांना दूध पाजलं, कारण आई सईबाई आजारी होत्या. (आमच्या कॉन्व्हेंटच्या पुस्तकात राजांना जेमतेम अर्धं पान, धाराऊ कुठून असणार!)

राजांचा जन्म १४ मे १६५७ चा, पुरंदरावरचा. ५ सप्टेंबर १६५९ ला वेल्हे भागातल्या राजगडावर आई गेली. तेव्हा ते सव्वादोन वर्षांचे. १६६६ मध्ये वडिलांबरोबर आग्र्याची कैद. सुटका झाली, पण महाराज पुढे निघाले आणि नऊ वर्षांचं पोर मथुरेत परक्यांच्या घरी लपून राहिलं. नंतर सुखरूप राजगडावर पोचलं, हे खरं. पण एवढ्या वयात मुलानं भरवसा तरी कुणावर ठेवायचा?

घरात बेबनाव वाढला आणि १६७८ मध्ये ते थेट दिलेरखानाला मिळाले. वय २१, म्हणजे आपलंच! निर्णय चुकलाच, त्यात वादच नको. लोक मात्र इथेच थांबतात. मला पुढचं मोठं वाटतं. १६७९ मध्ये भूपाळगड पडला, खानानं सातशे कैद्यांचा एकेक हात तोडला. राजांनी ते पाहिलं. परत जावं तर कुठल्या तोंडानं? बरं, सल्ला द्यायला जवळ आपली माणसं ती किती! (इथे आम्ही इलेक्टिव्ह निवडतानासुद्धा अख्खी विंग गोळा करतो!) तरी त्याच वर्षाअखेरीस ते छावणीतून निसटले, विजापूरमार्गे पन्हाळ्याला आले आणि वडिलांसमोर उभे राहिले.

१६८० मध्ये महाराज गेले, तेव्हा काही मंत्र्यांनी धाकट्या राजारामांना गादीवर बसवलं. यावेळी शंभूराजे कुणाच्या आश्रयाला गेले नाहीत. पन्हाळ्यावरूनच त्यांनी कारभार हातात घेतला.