विम्बल्डनवर सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला : मुंबईच्या लीला राव

नंदुरबार : टेनिस म्हटलं की आपल्याकडे शाळेतल्या पोरींनाही सानिया मिर्झाचं नाव माहीत असतं. पण सानियाच्या सत्तर वर्षं आधी, देशावर इंग्रजांचं राज्य असताना, मुंबईची एक मुलगी लंडनच्या विम्बल्डनवर उतरली आणि सामना जिंकली. तिचं नाव लीला राव. आज हे नाव आपल्या भागात क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

लीलाबाईंचा जन्म १९११ सालचा. वडील डॉ. राघवेंद्र राव मुंबईत डॉक्टर. आई पंडिता क्षमाबाई राव संस्कृतच्या मोठ्या कवयित्री. आजोबांचं काम तर आपल्या गावातल्या वारकऱ्यांच्याही जवळचं आहे. तुकोबांच्या अभंगांची गाथा १८६९ आणि १८७३ साली दोन भागांत छापून निघाली. त्या कामात विष्णु परशुराम शास्त्री पंडितांसोबत जे शंकर पांडुरंग पंडित होते, तेच हे आजोबा. १८९४ साली ते गेले तेव्हा क्षमाबाई अगदी लहान होत्या. नातेवाइकांकडे वाढल्या, जिद्दीने शिकल्या. गांधीजींच्या सत्याग्रहावर त्यांनी संस्कृतात काव्य लिहिलं, ते १९३२ साली पॅरिसला छापलं गेलं. आणि विशेष म्हणजे या पंडिता स्वतः टेनिस खेळायच्या, स्पर्धाही जिंकायच्या. ज्या काळात बाईमाणसाने मैदानावर धावणं लोकांना खटकायचं, त्या काळात लेकीला खेळाचं बाळकडू आईकडून मिळालं.

लीलाबाईंनी १९३१ साली अखिल भारतीय स्पर्धेत एकेरीचं विजेतेपद मिळवलं. पुढची दहा-बारा वर्षं महिला टेनिसमध्ये त्यांचं नाव गाजत राहिलं आणि हे विजेतेपद त्यांनी अनेकदा जिंकलं.

विम्बल्डनवर बायकांचे सामने १८८४ साली सुरू झाले. त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली, त्या १९३४ साली लीलाबाई तिथे खेळल्या. पहिल्या फेरीत त्यांनी इंग्लंडच्या ग्लॅडिस साउथवेलला हरवलं. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अदामॉफकडून त्या हरल्या. एकेरीत एकच विजय, पण आपल्या देशातल्या बाईने तिथे मिळवलेला तो पहिला. पुढच्या वर्षी त्या परत गेल्या, तेव्हा मात्र पहिल्याच फेरीत बाहेर पडल्या.

आता पैशाची गोष्ट. तेव्हा विम्बल्डनवर फक्त हौशी खेळाडूंनाच प्रवेश होता. जिंकलं तरी बक्षिसाची रक्कम नाही. मुंबईहून बोटीने इंग्लंड गाठायला दोन-तीन आठवडे लागत. तिकीट, राहणं, खाणं हा सगळा भार उचलायला घर भक्कम लागायचं. लीलाबाईंकडे अंगी खेळ होता, तसं पाठीशी घरही होतं. ज्यांच्याकडे नुसताच खेळ होता, अशा किती पोरी गावोगावी राहून गेल्या असतील, कोण मोजणार? विम्बल्डनने १९६८ साली पैसे घेऊन खेळणाऱ्यांना दार उघडलं. त्या वर्षी पुरुष विजेत्याला २,००० पाउंड आणि महिला विजेतीला ७५० पाउंड मिळाले. तिथेही बाईचा वाटा निम्म्याहून कमीच!

त्यानंतरही मोठ्या स्पर्धेत एकेरीचा सामना जिंकणारी भारतीय मुलगी लवकर दिसली नाही. १९९८ साली कोइम्बतूरच्या निरुपमा वैद्यनाथनने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये पहिली फेरी जिंकली, तेव्हा देशभर कौतुक झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण चौसष्ट वर्षं आधीच्या लीलाबाई तोवर जवळपास विस्मरणात गेल्या होत्या.

लीलाबाईंचं लग्न आयसीएस अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी झालं. दयाळ पुढे नेपाळमध्ये भारताचे राजदूत झाले. टेनिस मागे पडलं, पण बाई रिकाम्या बसल्या नाहीत. भारतीय नृत्यावर त्यांनी लिहिलं. आईचं संस्कृत साहित्य लोकांपर्यंत जावं म्हणून क्षमाबाईंच्या कथांवर त्यांनी संस्कृतातच नाटकं रचली. आज संस्कृतच्या अभ्यासकांना लीला राव दयाळ हे नाव या नाटकांमुळे ठाऊक असतं. हीच बाई विम्बल्डनवर सामना जिंकून आली होती, हे सांगितलं की त्यांतले काही जण चकितच होतील.