जमिनीवर पडलेला चिमटा

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव पोलिओच्या थेंबांमुळे घरोघरी पोहोचले. ज्यांच्या नावाने ही संस्था ओळखली जाते, ते वाल्डेमार हाफकिन मात्र एका बाटलीमुळे याच प्रयोगशाळेतून बाहेर पडले होते.

हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ च्या जुलैमध्ये ती आधी स्वतःलाच टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि सरकारने हाफकिन यांना मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढ्या सामग्रीवर त्यांनी काम सुरू केले. १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस त्यांनी स्वतःला टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली गेली. १८९९ पासून परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये त्यांची प्रयोगशाळा थाटली.

पंजाबात प्लेग पसरल्यावर लसीची मागणी एकदम वाढली. उत्पादन वाढवण्यासाठी हाफकिन यांनी पद्धत बदलली. लसीत जंतुनाशक म्हणून घालायचे कार्बोलिक ॲसिड वगळले आणि उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भिस्त ठेवली. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यातल्या १९ जणांना काही दिवसांत धनुर्वात झाला आणि ते सगळे दगावले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती. इतर बाटल्यांतून टोचलेल्यांना काही झाले नाही.

मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्यासह तिघांची चौकशी समिती नेमली गेली. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळमध्येच, दूषित झाली असावी असा निष्कर्ष समितीने काढला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले आणि १९०४ मध्ये ते लंडनला गेले.

आता त्या दिवशी मुल्कोवालमध्ये काय घडले ते पाहू. बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. तो कार्बोलिकच्या पाण्यात विसळून त्याने त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, त्यांच्या बीजकणांवर असे नुसते विसळण्याचा काही परिणाम होत नाही. चिमट्याची ही हकीकत समितीपुढे आली होती, पण तिला हवे तेवढे वजन मिळाले नाही. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. मलेरियावरच्या संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस १९०७ मध्ये जाहीरपणे हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले, आणि दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचे पत्र लंडनच्या टाइम्समध्ये आले. त्याच वर्षी हाफकिन यांच्यावरचा ठपका दूर झाला.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच थांबते. मोठा शास्त्रज्ञ निर्दोष, चूक मदतनिसाची! सरकारी रुग्णालयात इतकी वर्षे काढल्यावर मला हा शेवट पटत नाही. दोष वरच्या खुर्चीवरून खालच्या स्टुलावर सरकला, एवढाच त्याचा अर्थ. जंतुनाशक नसलेली लस, गावातली उघड्यावरची घाई, हाताशी बहुधा दुसरा निर्जंतुक चिमटा नसणे, हे सगळे एकत्र आले तेव्हा माणसे गेली. लसीत कार्बोलिक असते तर शिरलेल्या जंतूंना वाढायला इतका वाव मिळाला नसता. पण चिमटा पडला हे फक्त तिथे उभ्या असलेल्यांनाच माहीत असते. त्याच क्षणी कोणी ते बोलले असते, तर ती बाटली बाजूला ठेवता आली असती.

आपल्याकडे आजही असे प्रसंग बोलून दाखवायला कर्मचारी कचरतात. चुकीच्या रुग्णाला सुई द्यायला निघालेला हात ऐनवेळी थांबतो, सारख्या वेष्टनातली दोन औषधे अदलाबदल होता होता राहतात. नोंद मात्र होत नाही. लिहिले तर मेमो येईल, कारणे दाखवा नोटीस निघेल, बदली होईल, नातेवाईक अंगावर येतील, ही भीती काल्पनिक नाही. त्यातही नर्स आणि वॉर्डबॉय यांना ती अधिक, कारण चौकशी बहुतेक वेळा त्यांच्यापासून सुरू होते आणि त्यांच्यापाशीच संपते. मग तीच दोन औषधे दुसऱ्या रात्रपाळीत पुन्हा शेजारी शेजारी ठेवली जातात.

आमच्या सुप्यात एमआयडीसी आहे. मोठ्या कारखान्यांत अपघात होता होता टळला तर त्याचीही नोंद करतात. असे लिहिणाऱ्याला शिक्षा करायची नाही, हे तिथे कामगारांना आधी सांगावे लागते, नाहीतर वही कोरीच राहते. रुग्णालयांनाही याहून वेगळे काही करायचे नाही.

लसीकरणात आपण थोडे पुढे गेलो आहोत. लसीनंतर गंभीर त्रास झाला तर कळवण्याची पद्धत देशभर ठरलेली आहे आणि कारण शोधायला समित्या आहेत. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद २०१० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात होते. त्यासाठीच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. गावातल्या सत्रात नर्सताई गोवर-रुबेलाची बाटली उघडल्यावर तिच्यावर वेळ लिहितात आणि चार तासांनंतर उरलेली लस वापरत नाहीत, हे तुम्ही पाहिले असेल. त्या लसीतही जंतुनाशक नसते. लस वाया जाते म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका.

हाफकिन १९०७ च्या अखेरीस भारतात परतले, पण परळची जागा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली आणि तिथे लस तयार करण्याचे काम त्यांच्याकडे नव्हते. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ते निवृत्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.