विश्लेषण : ग्रेस हॉपर, संगणकातला पतंग आणि बिघाडाची वही

पावसाळ्यात चिखलदऱ्यात दिवा लावला की भोवती पतंगांची गर्दी होते. असाच एक पतंग १९४७ मध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेल्या ‘मार्क २’ संगणकात शिरला. मोबाइल अचानक रिस्टार्ट होतो, तेव्हा बिघाडाची नोंद का जपायची हे त्या पतंगावरून आणि त्याचा किस्सा जगाला सांगणाऱ्या ग्रेस हॉपर यांच्यावरून कळते.

कोण होत्या हॉपर?

जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६. लहानपणी गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी त्यांनी घरातली घड्याळे एकामागून एक उघडून ठेवली होती. १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी. महायुद्धात नौदलात जायचे तर वजन कमी भरले. विशेष सवलत मिळवून त्या गेल्याच. १९४४ मध्ये हार्वर्डच्या ‘मार्क १’ वर नेमणूक झाली. ते यंत्र कसे चालवावे, याची पाचशेहून अधिक पानांची पुस्तिका मुख्यतः त्यांनीच लिहिली.

वहीत काय आहे?

९ सप्टेंबर, दुपारी पावणेचार. पॅनेल एफ, रिले क्रमांक ७०, आत पतंग. यंत्र चालवणाऱ्यांनी तो झटकून टाकला नाही, चिकटपट्टीने वहीतच चिकटवला. वेळ, जागा, कारण आणि पुरावा, सगळे एका पानावर.

हा पतंग हॉपर यांनीच शोधला असे सर्रास छापले जाते. तो सहकाऱ्यांना सापडला होता. ‘बग’ हा शब्दही जुनाच. एडिसन १८७० च्या दशकात तो वापरत होते. हॉपर यांनी किस्सा इतक्या रंगून सांगितला की तो त्यांच्याच नावावर जमा झाला! वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

मोबाइलमध्ये पतंग कुठे?

तिथे अडचण मोठी. रॅममधला मजकूर वीज जाताच पुसला जातो, म्हणजे पुरावाच जातो. म्हणून अनेक अँड्रॉइड फोनमध्ये यंत्रणा कोसळताना कर्नेल शेवटचे संदेश रॅमच्या राखीव भागात लिहितो आणि रिस्टार्टनंतर ते वाचले जातात. विंडोजचा निळा पडदा दिसतो, तेव्हा सहसा मेमरीची प्रत डिस्कवर उतरत असते. फोनच्या डेव्हलपर सेटिंगमधल्या अशा अहवालाला आजही ‘बग रिपोर्ट’ म्हणतात. त्यात खासगी माहितीही असू शकते, तेव्हा तो कुणालाही पाठवू नये.

पुढे काय झाले?

१९५२ मध्ये हॉपर यांनी सुरुवातीचा कंपायलर तयार केला. त्यांची ‘फ्लो-मॅटिक’ ही भाषा ‘कोबोल’चा पाया ठरली. १९८६ मध्ये, वयाच्या ७९ व्या वर्षी, त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.